बोय ओळखण्याची परीक्षा

दिनानाथ काका आमच्या इमारतीत राहायला आले त्या दिवशी ते आमच्याकडे ठेवलेली फ्लॅटची चावी घ्यायला दारात उभे राहिले, आणि मी घरभर चावी शोधत होते तेवढ्यात आमच्या माशांच्या टाकीसमोर वाकले. टाकी माझ्या मुलीची, रियाची. तिच्यातल्या माशांची काळजी मात्र माझ्याकडे. घरात ज्या कशाची काळजी करायची असते ते फिरून फिरून माझ्याकडेच येतं. काका थोडा वेळ तसेच वाकून राहिले, मग कंबर धरून सरळ झाले आणि म्हणाले, "दोन आजारी हायत."

"कुठले दोन?"

"आता मनाच विचारता? मासंच सांगतील की."

गुरुवारी एक मासा गेला, शनिवारी दुसरा. तेव्हापासून खांदा कॉलनीत आमच्या विंगमध्ये कुणी काकांना दाखवल्याशिवाय बाजारातून पापलेटसुद्धा घरात नेत नाही.

काका मूळचे उरणजवळच्या करंजाचे, कोळी. दहाव्या वर्षी वडिलांच्या होडीवर चढले आणि पासष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिल्यावर खाली उतरले. मधली तीस वर्षं ते तांडेल होते, म्हणजे होडीवर शेवटचा शब्द त्यांचा. पत्नी वारल्यावर मुलगा कुंदन त्यांना पनवेलला घेऊन आला. कुंदन द्रोणागिरीला एका मोठ्या गोदामात सुपरवायझर आहे. तिथे प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच आत असतं. ज्यावर चिठ्ठी नाही त्याचा भरवसा धरू नये, असं त्याचं एकूण जगण्याविषयीच मत आहे. वडिलांवर चिठ्ठी नव्हती.

काकांनी येताना एक ट्रंक आणि एक पाग आणला. पाग म्हणजे एकट्या माणसाने हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या मण्यांची माळ असलेलं. तो त्यांनी हॉलच्या गॅलरीत टांगला. सून मनिषा आधी कुरकुरली, नंतर म्हणाली, कबुतरं यायची बंद झाली, राहू दे.

दर पंधरवड्याला काका पाग पिशवीत कोंबून, हातात झाकणाची बादली घेऊन उरणची एसटी पकडत. खाडी समुद्राला मिळते तिथल्या खडकांवर जाऊन जिताडा धरायचा, एवढाच त्यांचा कार्यक्रम. जिताडा हा आमच्या रायगडात किती मानाचा मासा आहे ते इथल्या जावयांना विचारावं. पण तो मेलेल्या माशाकडे ढुंकून बघत नाही. त्याला गळाला जिवंत मासा लागतो, हलता, घाबरलेला. आणि त्यासाठी बोय सगळ्यात उत्तम. बोयी भरतीबरोबर थव्याने खडकांपाशी येतात, काटक असतात, बादलीत तासन्‌तास तग धरतात, गळाला लावल्यावरही पोहत राहतात. म्हणजे जिताडा धरायचा तर आधी बोय धरायची, आणि बोय धरायची तर आधी गढूळ पाण्याकडे बघून ओळखायचं की खाली चाललेला थवा बोयींचाच आहे. सगळी विद्या त्या ओळखण्यात. पाग पडल्यावर काय, कुणीही सांगेल.

मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. जर्नलमध्ये बोयीची आकृती काढून दहापैकी नऊ गुण मिळवले होते. रुंद चपटं डोकं, पाठीवर एकमेकांपासून लांब दोन पर, डोळ्यावर चरबीचं पारदर्शक पटल. हे मी एकदा काकांना सांगितलं. चरबीच्या पटलापाशी ते थबकले.

"म्हंजे तिला पन मोतीबिंदू?"

"तसंच काहीसं."

"बगा. जलमभर मोतीबिंदू घेऊन पवते. तिला कोन ऑपरेशन करा सांगत नाय."

हे कुंदनला उद्देशून होतं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. डाव्याचं ऑपरेशन उशिरा झालं, त्याची नजर धूसरच राहिली; वर डॉक्टरांनी महिनाभर पाण्यात जायचं नाही म्हणून बजावलं, आणि काकांनी तो महिना जन्मठेपेसारखा काढला. उजव्या डोळ्याचं नाव काढलं की ते उठून गॅलरीत जात. ते पटलाचं ऐकल्यापासून मात्र ते मला म्याडम म्हणू लागले.

मग शिंगाळ्यांचं प्रकरण झालं. एका शनिवारी काका उरणहून रात्री आठला आले, ते पाग पोटाशी धरून. जाळ्याच्या प्रत्येक घरात एकेक बोटभर शिंगाळा अडकला होता. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे करवतीसारखे विषारी काटे असतात. ते जाळ्यात गेले की बाहेर येत नाहीत. एकेक काटा पकडीने मोडून मासा सोडवावा लागतो. तांडेलाने बोय समजून शिंगाळ्यावर पाग टाकला, ही गोष्ट करंजात कळली असती तर काकांनी बहुधा गाव सोडलं असतं, पण ते आधीच सोडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुंदन वडिलांना घेऊन आमच्याकडे आला. त्याला कुणीतरी तिसरं माणूस हवं होतं.

"मॅडम, तुम्हीच सांगा यांना. दिसत नाही यांना."

"मना दिसतं," काका म्हणाले.

"मग काल काय आणलंत?"

"त्ये आले. मी आनले नाय."

"बाबा, तिथे शेवाळ आहे. घसरलात तर मला फोन कोण करणार? जिताडा?"

काका टाकीतल्या माशांकडे बघत राहिले. कुंदनने मग त्याच्या गोदामी पद्धतीने तोडगा काढला. येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं. काकांनी तीन थवे ओळखायचे, पाग टाकायच्या आधी, मोठ्याने. तिन्ही बरोबर आले तर कुंदन पुन्हा कधी विषय काढणार नाही. एक जरी चुकला तर पाग करंजातल्या चुलतभावाला देऊन टाकायचा आणि उरणची एसटी बंद.

"आणि परीक्षक मॅडम. त्या शिकलेल्या आहेत याच विषयात."

मी म्हटलं, मी जिवंत बोय कधी पाहिलेली नाही. कुंदन म्हणाला, म्हणूनच निःपक्षपाती.

काकांनी कबूल केलं. पण जाताना त्यांनी दारातून परत वळून आपल्या गॅलरीच्या दिशेने वर पाहिलं. आमच्या घरातून त्यांचा पाग दिसत नाही, तरी पाहिलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि ज्या एका गोष्टीत त्याला कुणी उलट बोलत नव्हतं तीच आता पणाला लागली होती.

रविवारपर्यंत मी समुद्रकिनारी होऊ शकणाऱ्या झाडून सगळ्या अपघातांची माहिती वाचून काढली. रिया येणारच होती. ती काकांची पट्टशिष्या. टाकीतला बॅटरीवरचा हवेचा पंप बोयींच्या बादलीसाठी घ्यायची कल्पनाही तिचीच. मी पिशवीत दोर, मलमपट्टी, चिमटा, कोरडे कपडे, टोप्या, लिंबूपाणी आणि दोन लिटरचा चहाचा थर्मास भरला. रियाचे बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "तराफा राहिला."

रविवारी त्रयोदशी होती. काकांचा हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तेराची पाऊणपट पावणेदहा. रियाच्या मोबाईलने नऊ बावन्न सांगितले.

"मोबाईल सात मिन्टं पुढं हाय," काका म्हणाले.

आठला आम्ही खडकांवर होतो. पाणी चढत होतं. पाणी म्हणजे चहाच्या रंगाचं, वीतभर खालचा दगडही दिसू नये असं. मला तेव्हाच शंका आली की यात दिसण्यासारखं काही नाहीच, डोळा जुना असो की नवा. काकांनी लुंगी वर खोचली, पाग डाव्या कोपरावर घेतला, शिशाच्या माळेचा एक मणी दातांत धरला आणि उभे राहिले. त्यांच्यापासून वीसेक पावलांवर एक बगळा उभा होता, तसाच, फक्त मण्याशिवाय.

मी रियाच्या कुर्त्याचं टोक धरून ठेवलं होतं. "आई, सोड, मी एकोणीस वर्षांची आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, शेवाळाला ते माहीत नाही.

पाण्यावर कोपऱ्यात बारीक थरथर उमटली. कुंदनने हात वर केला. "बोला, बाबा."

काकांनी मणी तोंडातून काढला. "तारली. बोय नाय." आणि पाग टाकला. तो हवेत असा उघडला की क्षणभर मी रियाचा कुर्ता सोडला. वर ओढला तेव्हा आत आठ-दहा चंदेरी तारल्या होत्या. रियाने एक बादलीत टाकली, ती तिथेच आडवी झाली. "तारली हात लागला की मरते," काका म्हणाले. "नाजूक. गलाला नाय चालत. तलायला चालते."

मी वहीत बरोबरची खूण केली. वही मी आणली होती.

दुसरी वेळ लवकर आली. काका खडकावरून चार पावलं भराभर पुढे सरकले आणि त्यांनी जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "बोय! भारी थवा!" पाग पडला, ओढला, आणि आत वीसभर बोयी उसळत होत्या. रुंद चपटं डोकं, दोन पर, डोळ्यावर पटल. नऊ गुणांची आकृती माझ्यासमोर जिवंत उड्या मारत होती आणि मला वाटलं, शेपटी मी थोडी बारीक काढली होती. रियाने हात आधी पाण्यात बुडवून मगच त्या उचलल्या. कोरड्या हाताने बोयीचं अंग भाजतं, हे तिला काकांनी शिकवलेलं. पंप चालू झाला, बादली बुडबुडू लागली.

"एक राहिला," कुंदन म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी कुरबुर होती. वडील हरावेत असं त्याला वाटत नव्हतं, पण ते घसरू नयेत असं फार वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणं किती अवघड असतं ते मला कुणी सांगायला नको.

तिसरा थवा येईना. नऊ वाजले. साडेनऊला आमच्या अगदी पायाशी पाणी सुरकुतलं, लांब, सावकाश, एका रेषेत. आता मलाही दिसलं.

"ही बोय," कुंदन म्हणाला. "मघासारखंच पाणी आहे. बोला, बाबा."

काकांनी मान वळवली, परत सरळ केली. "शिंगाले हायत. टाकायचा नाय."

"न टाकता कसं कळणार बरोबर की चूक?"

"कललं की. मी सांगितलं ना."

"बाबा, परीक्षा आहे."

"परीक्षा हाय म्हनून जाल फाडू?"

"मग माझ्याकडे द्या." कुंदनने पाग घेतला. लहानपणी शिकला होता तो, हे त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं, पण वीस वर्षं त्याने फक्त बोटाने मोबाईलवर आकडे टाकले होते. पाग पसरून न पडता लाडवासारखा पडला. तरी थवा एवढा दाट होता की भरून आला. कुंदनने ओढला, हात घातला, आणि अशा आवाजात "आई गं" म्हणाला की बगळासुद्धा दोन पावलं सरकला.

शिंगाळे. साठ-सत्तर तरी असावेत. एकाचा काटा कुंदनच्या अंगठ्यात अर्धा इंच.

तो पांढराफटक पडला. काका म्हणाले, "गरम पानी पायजे, लवकर." मी चिमट्याने काटा काढला आणि थर्मास उघडला. मी ते वाचलं होतं. शिंगाळ्याचं विष उष्णतेने उतरतं, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा. पाणी नव्हतं, चहा होता. मी स्टीलच्या पेल्यात ओतला, आधी स्वतःचं बोट घालून पाहिलं, आणि कुंदनने त्या आल्याच्या चहात अंगठा बुडवला. दर पाच मिनिटांनी मी पेला बदलत होते. तिसऱ्या पेल्याला त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"साखर जास्त आहे का गं यात?" रियाने विचारलं. "मुंग्या येतील."

"रिया."

काका खडकावर मांडी घालून बसले होते आणि पकडीने एकेक काटा मोडत होते. रियाने तेवढ्यात एक बोय पाठीच्या परामागे अलगद गळाला लावून पाण्यात सोडली. अर्ध्या तासाने ती परत ओढली तेव्हा बोय होती तशीच होती, थोडी वैतागलेली. जिताड्याला आमच्या परीक्षेत रस नव्हता. बादलीतल्या बाकीच्या बोयीही रियाने समुद्रात सोडल्या.

मी काकांशेजारी जाऊन बसले. "काका, पाण्यावरून कसं ओळखलंत? मला दुसरी आणि तिसरी वेळ सारखीच दिसली."

काका काटा मोडत राहिले. मग कुंदन दूर आहे हे बघून, म्हणजे त्याचा आवाज कुठून येतो ते ऐकून, हळू म्हणाले, "म्याडम, पान्याकडं कोन बगतंय. पानी मना दिसतच नाय. मी बगला बगतो."

"बगळा?"

"पांढरा हाय, मोटा हाय, दिसतो. तारली आली का मान लांब करतो, पन जागचा हालत नाय, त्याला म्हाईत हाय ती लांबून जाते. बोय आली का तिच्याबरोबर काठाकाठानं पलतो. आनि शिंगाले आले का बगून घेतो आनि येक पाय वर घेऊन झोपतो. त्याच्या गल्यात काटा गेलेला हाय कवातरी."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेली बगलाच नवता." काकांनी एक शिंगाळा पाण्यात भिरकावला. "कुत्रा आला होता. हाकललंन त्यानं."

मी वही उघडून बसले. तिसऱ्या थव्यापुढे खूण करायची राहिली होती. उत्तर बरोबर होतं. तिन्ही बरोबर होती. पण ज्याला पाणी दिसत नाही त्याला शेवाळ तरी कुठून दिसणार, आणि बगळा काही शेवाळाचं सांगत नाही.

परतताना उरणच्या एका दवाखान्यात मी कुंदनला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावलं. तो नको म्हणत होता, पण चहाने त्याचा माझ्यावरचा विश्वास वाढला होता. गाडी रिया चालवत होती, त्यामुळे मी रस्त्याकडेच बघत होते. पुढच्या सीटवर काका, मांडीवर पाग. माझ्या शेजारून कुंदन म्हणाला, "मॅडम, निकाल?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि थोडं थोडं खरं बोलणं तर त्याहून जमत नाही. मी काकांकडे पाहिलं. काका समोर बघत म्हणाले, "सांगा. बगल्याचं सांगा."

मी सांगितलं. दोन सिग्नल गेले. मग शेजारून आवाज आला. मला वाटलं अंगठा दुखतोय. तो हसत होता.

"म्हणजे मी माझ्या बापावर विश्वास ठेवला नाही तो नाहीच, बगळ्यावर पण ठेवला नाही."

"दोगांवर नाय ठेवलास," काका म्हणाले. "बगला काय बोलत नाय, मी बोलतो, येवडाच फरक."

"परीक्षा मासा ओळखायची होती," मी म्हटलं. "ती पास. तीनपैकी तीन. पण माझ्या दोन अटी आहेत."

"परीक्षकाला अटी घालता येतात?" रियाने विचारलं.

"समोर बघ. पहिली अट, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. दुसरी, एकट्याने जायचं नाही. पाग काकांचाच. डोळा बरा होईपर्यंत महिनाभर तो माझ्या गॅलरीत राहील, म्हणजे कुणालाच मोह होणार नाही."

पळस्पे फाट्याला काका म्हणाले, "यकट्यानं नाय तर कोनाबरोबर?"

रिया म्हणाली, "माझ्याबरोबर." आणि रिया म्हटलं की आई आलीच, हे गाडीतल्या सगळ्यांना कळलं, सगळ्यात आधी मला.

ऑपरेशन मागच्या मंगळवारी झालं. पाग माझ्या गॅलरीत आहे, आणि काका काळा चष्मा लावून रोज संध्याकाळी त्याला वारा लागतो ना ते बघायला येतात. काल आले तेव्हा जाता जाता टाकीसमोर वाकले आणि म्हणाले, "येक आजारी हाय."

मला सकाळपासून तीच शंका होती. शेपटीपाशी एक मासा जरा फिका वाटत होता. पण काळ्या चष्म्यातून, एका डोळ्याला थेंब घातलेले असताना? "काका, तुम्हाला यातला मासा दिसतो तरी का?"

"नाय."

"मग?"

काका चपला घालत होते. "तुमी बोलता बोलता चार वेला टाकीकडं जाऊन आल्या," ते म्हणाले. "पयल्या दिवशी पन तशाच जात होत्या. दोनदा येका कोपऱ्यात, दोनदा दुसऱ्या."